सरकार जामीन राहतं तेव्हा

1 फेब्रुवारी 2023 रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी छोट्या उद्योगांबद्दल एक घोषणा केली आणि प्राप्तिकराच्या चर्चेत ती पार मागे पडली. कर्जहमी योजनेच्या निधीत सरकार 9,000 कोटी रुपये घालणार होतं आणि त्या बळावर छोट्या उद्योजकांना 2 लाख कोटी रुपयांचं जादा विनातारण कर्ज मिळू शकेल, असा हिशेब त्यांनी सभागृहात मांडला. म्हणजे सरकारच्या एका रुपयामागे कर्जाचे बावीस रुपये!

सरकारनं हेच पैसे अनुदान म्हणून वाटले असते, तर नऊ हजार कोटींचे नऊ हजार कोटीच राहिले असते. स्वतः कर्ज म्हणून दिले असते, तरी पहिल्या फेरीत तेवढेच. मग उरलेले एक लाख एक्याण्णव हजार कोटी येणार कुठून? ते आधीपासून आहेतच. बँकांकडे आहेत, तुमच्याआमच्या मुदत ठेवींत आहेत. फक्त ते छोट्या उद्योजकाच्या वाटेला जायला घाबरतात. ही भीती कशी मोजायची आणि ती कमी करायला किती पैसे बाजूला ठेवावे लागतात, याचं एक अख्खं शास्त्र आहे. मला ते आपल्या काळातल्या सर्वांत सुंदर आर्थिक कल्पनांपैकी एक वाटतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे किती कमी बोललं जातं याचं नवलही वाटतं.

या योजनेचं कार्यालय मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ‘क्रेडिट गॅरंटी फंड ट्रस्ट फॉर मायक्रो अँड स्मॉल एंटरप्रायझेस’ हे तिचं पूर्ण नाव. बँकेच्या काउंटरवर सगळे ‘सीजीटीएमएसई’ म्हणतात. भारत सरकार आणि सिडबी (भारतीय लघुउद्योग विकास बँक) यांनी 2000 साली हा ट्रस्ट उभा केला. भांडवलात सरकारचे चार वाटे आणि सिडबीचा एक. हा ट्रस्ट उद्योजकाला एक पैसाही कर्ज देत नाही. उद्योजक त्याच्या दारात जात नाही, त्याला अर्ज करत नाही. ट्रस्ट बोलतो फक्त बँकेशी. तो सांगतो, तुम्ही याला कर्ज द्या. बुडालं तर नुकसानीचा ठरलेला वाटा आमचा.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहण्यासाठी भोसरीतला एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार कामगार आणि मोठ्या कारखान्याचं जॉबवर्क. मालकाच्या हातात कसब आहे, पार्टी त्याच्यावर खूश आहे. पण पार्टीला आता जो टॉलरन्स हवा आहे तो जुन्या लेथवर येत नाही. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, घ्यावी लागणार. कोटेशन आलंय वीस लाखांचं. पाच लाख मालक स्वतः उभे करतो, पंधरा लाखांचं कर्ज हवं. गाळा भाड्याचा, घरही भाड्याचं, गावाकडचा सातबारा चार भावांच्या नावावर. बँकेतले साहेब त्याला बसवतात, तीन वर्षांची रिटर्न्स चाळतात, जीएसटीचे आकडे बघतात, सिबिल स्कोअर पाहून मान डोलावतात. आणि मग विचारतात, ‘तारण काय देणार?’

हा प्रश्न कितीही जिव्हारी लागला तरी त्यामागे गणित आहे. समजा एका शाखेनं असे शंभर गाळेवाले निवडले आणि प्रत्येकाला दहा लाख दिले. ठेवीदाराला द्यायचं व्याज वजा जाता बँकेच्या हाती वर्षाला तीन टक्के उरतात असं धरू. दहा कोटींवर तीन टक्के, म्हणजे 30 लाख. आता या शंभरातले तिघे पहिल्याच वर्षी पूर्ण बुडाले आणि काहीच वसूल झालं नाही, तर 30 लाख गेले. सत्त्याण्णव जणांनी इमानेइतबारे हप्ते भरून कमावून दिलेलं सगळं तिघांनी नेलं. शाखेचे पगार, भाडं, वीज हे तर यात धरलेलंच नाही. म्हणून साहेबांना सत्त्याण्णव चांगली माणसं दिसत असूनही त्यांच्या डोक्यात ते तिघेच असतात. आणि ते तिघे कोण, हे आधी कळायला काही मार्ग नसतो.

‘धोका जास्त आहे ना, मग व्याज जास्त घ्या’ हा उपाय कुणालाही सुचेल. तो चालत का नाही, याचं उत्तर जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी 1981 साली एका शोधनिबंधात दिलं. व्याज चढवलं की पहिल्यांदा पाय मागे घेतो तो सावध, हिशेबी माणूस. आपल्या धंद्यातून किती सुटणार हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे हे व्याज परवडत नाही हेही कळतं. रांगेत उरतात ते मोठा जुगार खेळायला निघालेले, ज्यांना व्याजाचं फारसं काही वाटत नाही, कारण डाव फसला तर ते परत करणारच नसतात. म्हणजे व्याजाचा दर वाढला की कर्जदारांचा कस उतरतो. म्हणून बँक एका मर्यादेपुढे दर वाढवत नाही. ती सरळ ‘नाही’ म्हणते. बाजारात बाकी सगळीकडे मागणी जास्त असली की भाव चढतो आणि माल मिळतो. कर्ज ही अशी वस्तू आहे की जास्त भाव मोजायला तयार असलेल्यालाही ती मिळत नाही.

या विचाराचं एक मूळ थेट भारतात आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ 1967-68 मध्ये दिल्लीत होते. पुढे 1970 मध्ये छापून आलेला त्यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा शोधनिबंध जगभर गाजला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. त्याच निबंधात भारतीय खेड्यातल्या सावकारीवर एक भाग आहे. सावकार एवढं जबर व्याज घेतो, तरी कमी दरानं पैसे देणारा बाहेरचा माणूस त्याचा धंदा का हिसकावू शकत नाही? कारण सावकाराला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. बाहेरून आलेल्याला काहीच माहीत नसतं, त्यामुळे सावकारानं नाकारलेले सगळे त्याच्याकडे येतात आणि तो बुडतो. अकेरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांना 2001 साली मायकेल स्पेन्स यांच्यासह नोबेल मिळालं.

तर भोसरीच्या गाळेवाल्याची अडचण अशी की तो चांगला आहे, पण हे बँकेला दिसत नाही. हमी ही अडचण दूर करत नाही. ती फक्त न दिसण्याची किंमत कमी करते. तेच शंभर गाळे पुन्हा घ्या, आता 75 टक्के हमीसह. एक दहा लाखांचं कर्ज बुडालं तर बँकेचे जातात अडीच लाख. तीस लाखांच्या कमाईत आता तिघांऐवजी बारा जण बुडेपर्यंत बँक तग धरते. कर्जदारांत काही बदल झाला नाही, बँकेत नाही, व्याजात नाही. आणि सगळे एकाच वेळी बुडत नसल्यामुळे ट्रस्टलाही शंभर कर्जांचे पैसे तिजोरीत ठेवावे लागत नाहीत. बुडू शकणाऱ्यांच्या अंदाजाइतके ठेवले की पुरतात. एका रुपयातून बावीस निघतात ते इथून.

ही हमी फुकट नसते. 2023च्या दरपत्रकाप्रमाणे दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला वर्षाला 0.37 टक्के शुल्क होतं, म्हणजे दहा लाखांवर 3,700 रुपये. बँक हे शुल्क बहुधा उद्योजकाकडूनच घेते. कर्जाची कमाल मर्यादा आधी दोन कोटी होती, 2023 मध्ये ती पाच कोटी झाली आणि 2025 मध्ये दहा कोटी. हमीचा वाटा साधारण 75 टक्के, अगदी लहान सूक्ष्म उद्योगाला 85, आणि महिला उद्योजिकांसाठी तो 90 टक्क्यांपर्यंत नेला आहे.

कर्ज थकलं तर काय होतं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे गैरसमज फार आहेत. समजा गाळेवाल्याचे हप्ते 90 दिवसांहून जास्त थकले, खातं एनपीए झालं आणि तेव्हा बाकी होती बारा लाख. 75 टक्क्यांनी हमीची रक्कम नऊ लाख. बँक आधी वसुलीची कारवाई सुरू करते, मग ट्रस्टकडे दावा लावते. ट्रस्ट नऊ लाख एकदम देत नाही. आधी त्यातले तीन चतुर्थांश, म्हणजे पावणेसात लाख देतो आणि उरलेले वसुलीचे प्रयत्न पार पडल्यावर. आणि गाळेवाला? त्याचं देणं तसंच्या तसं उभं असतं. बँक त्याच्या मागे असते, मशीन कर्जाला बांधलेलं असतंच, आणि पुढे जे वसूल होईल त्यातून ट्रस्टचे पैसे ट्रस्टला परत जातात. ‘सरकारची गॅरंटी आहे, भरलं नाही तरी चालतं’ असं सांगणारा एखादा तरी एजंट प्रत्येक तालुक्यात भेटतो. त्याच्यावर विश्वास ठेवलेल्यांचा सिबिल वर्षानुवर्षं वर येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त विस्मय वाटतो त्या गोष्टीकडे येतो: हमी न दिलेला पाव हिस्सा. एवढी दानत दाखवायची तर 75च का, पूर्ण शंभर का नाही? कारण बँकेचं काहीच जाणार नसेल, तर बँक कर्जदाराकडे बघणारच नाही. गाळ्यावर जाऊन मशीन खरंच चालतंय का, ऑर्डर खरी आहे का, हे तपासायला साहेब उन्हातान्हात जातात ते त्या पाव हिश्श्यासाठी. तो फार मोठा ठेवला की बँक कर्जच देत नाही. फार लहान ठेवला की कुणालाही देते. अमेरिकेत 1953 साली छोट्या उद्योगांसाठी जी सरकारी संस्था स्थापन झाली, तिच्या मुख्य योजनेतही लहान कर्जाला 85 टक्के आणि मोठ्याला 75 टक्के हमी आहे. दोन देश, दोन वेगळ्या बँकिंग परंपरा, आणि आकडा येऊन थांबतो तो जवळपास एकाच जागी.

चिली या देशानं तर यात कमालच केली. तिथल्या ‘फोगापे’ या हमी निधीनं टक्केवारी स्वतः ठरवण्याऐवजी बँकांमध्ये लिलाव लावला. किती टक्के हमी मिळाली तर तुम्ही छोट्यांना कर्ज द्याल? जी बँक कमीत कमी हमी मागेल तिला आधी वाटा. ज्या बँकेला आपले कर्जदार चांगले ठाऊक आहेत ती कमी हमीवर राजी होते. कुठली बँक किती जाणते, हे सरकारला कधीच कळलं नसतं. लिलावात ते बँकांनी आपल्या तोंडानं सांगितलं.

जपानचा अनुभव उलट बाजूनं शिकवतो. कर्जहमीची पहिली संघटना टोकियोत 1937 साली उभी राहिली, आणि जपाननं पुढे ही व्यवस्था देशभर पसरवली. तिथे बराच काळ हमी पूर्ण शंभर टक्क्यांची असे. बँका निर्धास्त झाल्या. शेवटी 2007 मध्ये बहुतेक योजनांत तोट्याचा वीस टक्के भार बँकेनं उचलावा असा नियम करावा लागला.

आपल्याकडेही हा प्रयोग पहिला नव्हे. लघुउद्योगांसाठी कर्जहमी योजना 1960 साली सुरू झाली होती आणि तिचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे होता. पुढे हे काम ज्या महामंडळाकडे गेलं, ते महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांना चांगलंच माहीत आहे. बँक बंद पडली की पाच लाखांपर्यंतचा विमा देणारं डीआयसीजीसी! ठेवविमा आणि कर्जहमी अशी दोन्ही कामं 1978 पासून त्याच्याकडे होती. कर्जहमीचे दावे मात्र जमा होणाऱ्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त येत गेले. नव्वदच्या दशकात एकेक बँक बाहेर पडली आणि ती योजना मिटली. महामंडळाच्या नावात ‘क्रेडिट गॅरंटी’ तेवढी राहिली. 2000 सालचा ट्रस्ट या राखेतून उभा राहिला आहे, म्हणूनच तो शुल्काच्या आणि दाव्याच्या अटींबाबत इतका काटेकोर आहे.

या काटेकोरपणाची किंमत आहे. कागदात एखादी त्रुटी राहिली तर दावा नाकारला जाईल, आणि मग चौकशी आपल्यावर येईल, ही शाखेतल्या अधिकाऱ्याची भीती खोटी नाही. त्यामुळे हमीची योजना हाताशी असतानाही ‘एखादा फ्लॅट बघा ना तारणाला’ हे वाक्य आजही ऐकू येतं. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2010 सालीच बँकांना बजावलं आहे. हे कर्जदाराला माहीत असायला हवं, आणि त्यानं ते शाखेत स्पष्टपणे बोलून दाखवायला हवं.

शंभर टक्के हमी आपणही एकदा दिली, आणि ती योग्य वेळी दिली असं माझं ठाम मत आहे. 13 मे 2020 रोजी, टाळेबंदीत, तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्जहमी योजना जाहीर झाली. 29 फेब्रुवारी 2020 रोजी उद्योगाच्या खात्यावर जी कर्जबाकी होती, तिच्या वीस टक्के जादा कर्ज. नवं तारण नाही, हमीशुल्क नाही, बँकांना व्याजाची कमाल मर्यादा 9.25 टक्के. त्या वेळी कोण चांगला आणि कोण वाईट, हे तपासण्यात अर्थच नव्हता, कारण शटर सगळ्यांचंच खाली होतं. तपासणी आधीच झालेली होती: बँकेनं पूर्वी ज्याला पारखून कर्ज दिलं, त्यालाच हे मिळणार होतं. कोविडपूर्व तारखेची अट म्हणूनच इतकी मोलाची ठरली. योजना संपेपर्यंत 1 कोटी 19 लाख कर्जदारांना तिचा आधार मिळाला.

पण असं कर्ज मिळाल्यानं धंदा खरंच वाढतो का? की उद्योजक फक्त महागडं कर्ज फेडून स्वस्तातलं घेतो आणि बाकी सगळं तसंच राहतं? हे सिद्ध करणं महाकठीण, कारण ज्याला कर्ज मिळतं तो बहुधा आधीपासूनच सरस असतो. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना याचं उत्तर आपल्याच सरकारी फायलींत सापडलं. जानेवारी 1998 मध्ये सरकारनं लघुउद्योगाची व्याख्या रुंदावली. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक 65 लाखांपर्यंत असेल तरच अग्रक्रमाचं कर्ज, ही मर्यादा तीन कोटींवर नेली. दोन वर्षांनी, जानेवारी 2000 मध्ये, ती पुन्हा एक कोटीवर आणली. म्हणजे काही मधल्या आकाराच्या कारखान्यांसाठी दार उघडलं आणि पुन्हा बंद झालं, तेही त्यांच्या गुणदोषांचा काही संबंध नसताना. प्रयोगशाळेत जमला नसता असा प्रयोग शासन निर्णयानं आपोआप घडवला होता. या दोघांनी एका सरकारी बँकेची कर्जखाती तपासली. दार उघडल्यावर या कारखान्यांना जास्त कर्ज मिळालं, आणि त्यांची विक्री नि नफा दोन्ही वाढले. त्यांनी दुसरीकडचं कर्ज फेडून हे वापरलं, असं दिसलं नाही. दार बंद झाल्यावर चाक उलटं फिरलं. हे कारखाने इतकी वर्षं पैशाअभावी आपल्या ताकदीपेक्षा लहान राहिले होते.

अगदी तळाशी तर बँकेच्या आणि बाहेरच्या कर्जाच्या व्याजातलं अंतर डोळे फिरवणारं आहे. याच दोघांनी चेन्नईतल्या फळविक्रेत्यांबद्दल लिहिलं आहे. सकाळी हजार रुपये उचलायचे, संध्याकाळी व्याजासह परत करायचे, आणि दर दिवसाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. रोज 47 रुपये. वर्षातले तीनशे दिवस धंदा केला तर हजार रुपयांसाठी 14,000 रुपये व्याज! जून 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्याला पहिलं कर्ज दहा हजारांचं ठेवलं होतं. बारा टक्के व्याजानं ते बारा मासिक हप्त्यांत फेडलं, तर वर्षाचं व्याज होतं साधारण 660 रुपये, आणि वेळेवर भरणाऱ्याला त्यातही सात टक्क्यांची सवलत. पहिलं फेडलं की तेव्हा वीस हजार मिळत, ते फेडलं की पन्नास हजार. एवढ्या स्वस्त कर्जाखेरीज या माणसाला मिळतं ते त्याच्या नावावरचं फेडीचं रेकॉर्ड, जे अकेरलॉफच्या सावकाराच्या डोक्यात होतं आणि बँकेकडे कधीच नव्हतं. मुद्रा योजनाही याच रांगेतली. ती 2015 साली सुरू झाली. तिथे एकेका कर्जाऐवजी बँकेच्या सगळ्या मुद्रा कर्जांची एकत्रित हमी घेतली जाते.

शेवटचा प्रकार असा की त्यात सरकारची हमीच लागत नाही. छोट्या उद्योगाचा पैसा बहुतेक वेळा कुठे अडकतो? मोठ्या कंपनीकडे. माल गेला, बिल गेलं, पैसे तीन महिन्यांनी. 2006च्या कायद्यानं 45 दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक केलं आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. पण पार्टीवर दावा लावला तर पार्टीच जाते, त्यामुळे फार थोडे जण तिकडे फिरकतात. म्हणून रिझर्व्ह बँकेनं ‘ट्रेड्स’ नावाची व्यवस्था आखली आणि 2017 मध्ये मुंबईत पहिला मंच सुरू झाला. छोटा पुरवठादार आपलं बिल तिथे ऑनलाइन टाकतो. मोठी कंपनी ‘हो, हे देणं माझं’ असं मान्य करते. मग त्या बिलावर बँका बोली लावतात, आणि सर्वांत कमी दराची बोली निवडली की एक-दोन दिवसांत पैसे पुरवठादाराच्या खात्यात. ठरल्या तारखेला कंपनीच्या खात्यातून रक्कम बँकेकडे वळते. कंपनीनं पैसे दिले नाहीत, तरी बँक पुरवठादाराकडे मागायला येऊ शकत नाही. चार कामगारांच्या वर्कशॉपला इथे जो दर मिळतो, तो हजारो कोटींच्या कंपनीच्या पतीवरचा असतो.

वार्षिक 250 कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी आता सक्तीची आहे. पूर्वी ही मर्यादा 500 कोटींची होती. पण खासगी कंपनीवर सक्ती आहे ती फक्त नोंदणीची. पुरवठादाराचं प्रत्येक बिल तिथे मान्य करण्याची नाही. माल स्वीकारल्यावर ठरावीक दिवसांत बिलावर हरकत आली नाही, तर ते आपोआप मान्य धरलं जावं, एवढी एक तरतूद झाली तर त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही काढावा लागणार नाही.